टपालाने आलेला व्यायाम आणि कोकणची कंबर

रत्नागिरीकडे भाताच्या लावणीत बायका अंगावर जे इरले घेत, त्याची घडण ज्यांनी नीट न्याहाळली असेल त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आल्यावाचून राहिली नसेल. बांबूच्या कामट्या व पाने यांचे हे आच्छादन उभ्या माणसासाठी केलेलेच नव्हे. ते डोक्यापासून कंबरेच्या खालपर्यंत पालथ्या होडीसारखे पाठीवर पडते, आणि अंगावर नीट बसते ते माणूस कंबरेतून वाकला म्हणजेच. छत्री ही उभ्याची आणि चालणाऱ्याची. इरले हे ओणव्याचे. हल्ली पुष्कळ ठिकाणी इरल्याची जागा प्लास्टिकच्या कापडाने घेतली आहे, परंतु त्याखालची पाठ होती तशीच ओणवी आहे. आषाढात चिखलात उतरावे, एका हातात तरव्याची जुडी धरावी, दुसऱ्या हाताने चार चार काड्या रोवीत मागे मागे सरकावे, आणि कंबर सरळ करण्याची संधी बांधावर भाकरी खाण्यापुरतीच मिळावी, हा क्रम पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. ज्या समाजाने या कामासाठी वेगळे आच्छादन निर्माण केले, त्याने या कामाने दुखावणाऱ्या कंबरेसाठी काय केले, हा प्रश्न आम्हांस बरेच दिवस कुतूहलाचा वाटत आला आहे.

इतिहास म्हटला की आमच्या डोळ्यांपुढे किल्ले, तह आणि सनदा उभ्या राहतात. कंबरदुखी ही इतिहासाच्या प्रतिष्ठेस उणेपणा आणणारी बाब आहे असे कोणी म्हणेल, तर त्यांनी पुढील आकड्यांकडे दृष्टी टाकावी. जगातील रोगराईची जी मोठी मोजदाद शास्त्रज्ञ करीत असतात, तिच्या हिशेबाने २०२० साली कंबरदुखीने पीडलेल्यांची संख्या ६१ कोटी ९० लाख होती, आणि २०५० पर्यंत ती ८४ कोटी ३० लाखांवर जाईल असा अंदाज आहे. माणसाला कामातून उठवणाऱ्या व्याधींत हिचा क्रम १९९० पासून पहिला लागत आला आहे, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तिचे प्रमाण अधिक आढळते. हे दुखणे तीन महिन्यांहून अधिक टिकले म्हणजे वैद्य त्यास जुनाट म्हणतात. अशा जुनाट दुखण्यावर औषधापेक्षा नियमित व पायरीपायरीने वाढवलेला व्यायाम अधिक उपयोगी पडतो, या मताकडे जगातील तज्ज्ञ आता बहुतांशी वळले आहेत. व्यायाम शिकवणारा जवळ नसेल तर त्याने तो दुरून शिकवावा, ही त्यापुढची पायरी. ही पायरी मोबाईलबरोबर निर्माण झाली अशी सामान्य समजूत आहे. वस्तुतः ती शंभर वर्षांपूर्वीच टपालाबरोबर आली होती, आणि तिचा बराचसा भाग आपल्या मराठी मुलखातच घडला.

प्रथम जुन्या उपायांचा विचार करू. कंबरेत अकस्मात चमक निघाली तर आमच्याकडे ‘उसण भरली’ असे म्हणत, आणि उसण काढण्यासाठी पायाळू माणसाचा शोध होई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने दुखऱ्या कंबरेला पाय लावला की उसण उतरते अशी श्रद्धा. याखेरीज निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, एरंडेलाचे मर्दन, बिब्बा, आणि फारच हट्टी दुखणे असेल तर तापल्या लोखंडाचा डाग. यांपैकी डागाविषयी आम्हांस काही चांगले बोलता येत नाही. पायाळूची मात्र थट्टा करू नये. नव्याने उपजलेली कंबरदुखी बहुधा काही आठवड्यांत आपोआप ओसरते, आणि ओसरण्याच्या सुमारास जो उपाय हाताशी असेल त्याच्या पदरी यशाचे माप पडते. हा न्याय पायाळूला लागू आहे तसाच तो पुष्कळ महागड्या मलमांनाही लागू आहे. प्रश्न उरतो तो न ओसरणाऱ्या दुखण्याचा; तेथे पायाळूही हात टेकतो आणि मलमही.

वैद्यकशास्त्र या दुखण्यास कटिशूल म्हणून फार पूर्वीपासून ओळखत होते, पायात उतरणाऱ्या कळेला त्याने गृध्रसी असे वेगळे नाव दिले होते, आणि वाग्भटाने अष्टांगहृदयात व्यायाम हा आपल्या अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगून ठेवले होते. हा अर्ध्या शक्तीचा दंडक आजच्या शिक्षकांनाही उपयोगी पडेल इतका शहाणपणाचा आहे. परंतु शास्त्र एका ठिकाणी आणि रोगी दुसऱ्या ठिकाणी, ही कोकणची जुनी अडचण. मुंबईहून रत्नागिरीस येणाऱ्या आगबोटी पावसाळ्यात बंद राहत, म्हणजे कंबर दुखण्याच्या ऐन हंगामात समुद्राची वाट मिटलेली. उरली घाटाची वाट. महर्षी धोंडो केशव कर्वे लहानपणी परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यास शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तोडून गेले, आणि वय लहान दिसते म्हणून परीक्षेस न बसताच परत फिरले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. धडधाकट मुलाची ही कथा. कंबर धरून बसलेल्या बाईने घाट कसा ओलांडावा? कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागली ती १९९८ साली. तीही स्थानकापर्यंतच नेते. स्थानकापासून वाडीपर्यंतचा चढ ज्याचा त्यालाच चढावा लागतो.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. मुंबईच्या गिरण्या निघाल्या आणि रत्नागिरीचा कर्ता पुरुष घाटाकडे न जाता गोदीत व साच्यावर गेला. घरी बाई, म्हातारी माणसे आणि मनीऑर्डर. २०११ च्या जनगणनेतही या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया आढळल्या. महाराष्ट्रात हे प्रमाण सर्वांत अधिक होय. या आकड्याचे पुष्कळ लोक कौतुक करतात. आम्हांस त्यात आधी दिसतात ते नांगरटीपासून झोडणीपर्यंत शेताचे काम उचलणारे हात, आणि पाणी, लाकूड व गवताचे भारे वाहणाऱ्या पाठी.

परंतु मनीऑर्डर आणणारा पोस्टमन दुर्गम वाडीतही पोचत होता, हे विसरता कामा नये. कारण दूरच्या गुरूकडून व्यायाम शिकण्याची कल्पना याच वाटेने हिंदुस्थानात शिरली. युजेन सँडो हा युरोपातला प्रसिद्ध मल्ल. १९०४-०५ साली तो हिंदुस्थानात आला व त्याचे खेळ पाहण्यास मोठी गर्दी लोटली. त्याचे खरे चातुर्य मात्र रंगभूमीवरच्या जोरात नव्हते, टपालात होते. विद्यार्थ्याने आपल्या छातीची, दंडाची, कंबरेची मापे लिहून पाठवावी, आणि सँडोकडून त्याला त्याच्यापुरता व्यायामाचा तक्ता परत यावा, अशी त्याची पद्धत होती. त्याच सुमारास, १९०४ साली, डेन्मार्कच्या म्यूलरने ‘माझी पद्धती’ हे पुस्तक काढून रोज पंधरा मिनिटे पुरेत असे जगाला सांगितले, आणि ते अनेक भाषांत गेले. पुढे बंगलोरच्या के. व्ही. अय्यर यांनीही पत्राद्वारे व्यायामाचे शिक्षण चालवले. गुरूच्या पायाशी बसून शिकण्याची ज्या देशाची रीत, तेथे गुरू पाकिटात घालून येऊ लागला!

मराठी मुलखात या कल्पनेस जे वळण लागले ते अधिक मनोरंजक आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी तरुणपणी काही वर्षे सँडोचीच उपकरणे वापरली. पुढे ती ठेवून देऊन त्यांनी सूर्यनमस्कार धरले, आणि १९०९ साली गादीवर आल्यावर आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांचा प्रसार केला. नमस्काराला उपकरण नको, आखाडा नको, फार जागाही नको, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता, आणि स्त्रियांनी हा व्यायाम केलाच पाहिजे असा त्यांचा आग्रह होता. त्यांची पद्धत पुस्तकरूपाने मराठीत व इंग्रजीत निघाली. १९३८ साली ती लंडनलाही छापली गेली. मूळचे सावंतवाडीजवळच्या कोलगावचे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर औंधास राहून वेदांबरोबर आसनांवरही लिहीत होते. बडोद्यास जुम्मादादा व्यायाममंदिरात राजरत्न माणिकराव यांनी संघव्यायामासाठी देशी भाषेतील आज्ञा बसवल्या. आज्ञा ऐकून शेकडो मुलांनी एकाच वेळी अंग वळवावे, ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, परंतु शब्दाने शरीर हलवण्याची ती मोठी तालीम होती; आणि पुढे टेलिफोनवरून व्यायाम सांगणाऱ्यास शब्दापलीकडे दुसरे साधन उरत नाही, हे लक्षात घेता माणिकरावांचे काम आम्हांस फार मोलाचे वाटते. त्याच बडोद्यातून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मजुमदार यांनी १९३६ पासून १९४९ पर्यंत ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड प्रसिद्ध केले. एका विषयावर एका माणसाच्या चिकाटीने उभे राहिलेले असे काम मराठीत विरळा.

माणिकरावांचेच एक शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. कुवलयानंदांची दृष्टी प्रयोगाची. नौली करताना आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली उतरतो हे त्यांनी मोजून पाहिले आणि त्यास आपल्या गुरूच्या नावावरून ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले; क्ष-किरणांनी पोटाची चित्रे घेतली. आसनांनी अमुक रोग बरा होतो असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांचा तो काळ होता. त्या काळात ‘मोजून पाहू’ असे म्हणणारा माणूस आम्हांस अधिक आदरणीय वाटतो. १९३६ साली त्यांनी मुंबईस मरीन ड्राइव्हवर आरोग्यकेंद्र उघडले. तेथे रोगी स्वतः जाऊ शकत. जे जाऊ शकत नसत त्यांच्यासाठी छापील पाठ होते.

आता या सर्व खटाटोपाचे माप करावयाचे ते कसे? तरुण विद्यार्थी, शाळामास्तर, कचेरीतले कारकून यांच्यापर्यंत हा व्यायाम पोचला, आणि त्यांच्या पिढीची अंगे त्याने सुधारली, याबद्दल शंका नाही. परंतु इरल्याखालच्या बाईपर्यंत तो पोचला नाही. १९३१ च्या शिरगणतीत हिंदुस्थानातील साक्षर स्त्रियांचे प्रमाण शेकडा तीनच्या आसपास होते. तिच्यासाठी पुस्तक म्हणजे पोस्टमनने आणलेले न उघडणारे पाकीट. ‘योगमीमांसा’ तर इंग्रजीत निघे. याहून खोल कारण असे की, ती बाई दिवसभर राबते, तिला आणखी व्यायाम कशाला, असे शिकलेल्यांस वाटत होते, आणि अजूनही वाटते. हा समज चुकीचा आहे. श्रम आणि व्यायाम यांत फरक असा की, श्रमात कामाच्या सोयीने शरीर वाकते आणि व्यायामात शरीराच्या सोयीने हालचाल ठरते. लावणीत पाठ एकाच बाजूला, एकाच कोनात, हजारो वेळा वाकते. उलट दिशेला ती एकदाही वळत नाही, आणि थकली म्हणून थांबत नाही. पंतप्रतिनिधींच्या नमस्कारात पुढे वाकण्याच्या जोडीला मागे वळणेही आहे, हा त्यांचा गुण लावणीवालीच्या पाठीला किती मानवला असता! तिला तो सांगण्यास कोणी गेले नाही, आणि तिनेही विचारले नाही.

टपालाच्या शिक्षणातील दुसरी उणीव पुस्तकाच्या स्वभावातच होती. पुस्तक सांगते, विचारीत नाही. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या दुखल्या तर थांबावे की चालू ठेवावे, या प्रश्नाचे उत्तर सोळाव्या पानावर असले तरी ते शोधण्याचा धीर दुखणाऱ्यास नसतो. तो पुस्तक मिटतो. सँडोने मापे मागवली, म्हणजे निदान एकदा तरी विचारले. त्याच्या यशाचे एक कारण हे असावे.

इकडे व्यायामशाळांत ही चळवळ चालू असता डॉक्टरांचे शास्त्र उलट दिशेने निघाले होते. इंग्रज शस्त्रवैद्य जॉन हिल्टन याने १८६३ मध्ये विश्रांती हाच वेदनेवरील मोठा उपाय असे आपल्या व्याख्यानांतून मांडले, आणि कंबर दुखली की अंथरुणावर पडून राहावे हा सल्ला दृढ झाला. १९३४ साली अमेरिकेत मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो हे दाखवले. शोध खरा व मोठा होता, परंतु त्याची छाया अशी पडली की प्रत्येक कंबरदुखीत लोकांना सरकलेली चकतीच दिसू लागली. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या इंग्रज डॉक्टराने अंथरुणात पडून राहण्याचे धोके सांगणारा खुसखुशीत लेख लिहिला, तो पुष्कळांनी वाचला आणि थोड्यांनी मानला. अखेर १९८६ साली अमेरिकेत डेयो व त्यांचे सहकारी यांनी २०३ रोग्यांवर प्रयोग करून पाहिला. काहींना दोन दिवस विश्रांती सांगितली, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांचे कामाचे खाडे जवळजवळ निम्म्याने कमी झाले, आणि बाकी कशातही ते मागे राहिले नाहीत. सव्वाशे वर्षांच्या समजुतीला धक्का देण्यास इतका साधा प्रयोग पुरला. कोकणातल्या बाईला अर्थात् सात दिवसांची विश्रांती कोणी दिलीच नव्हती. परंतु ‘डॉक्टरांनी वाकू नको म्हणून सांगितले’ ही भीती मात्र तिच्या घरी पोचली, आणि भीतीने आखडलेली पाठ दुखण्याने आखडलेल्या पाठीपेक्षा सुटण्यास कठीण असते.

या काळातील एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. १९५६ साली न्यूझीलंडमध्ये रॉबिन मॅकेन्झी या व्यायामोपचारकाकडे कंबरेची कळ पायात उतरलेला एक रोगी आला. तो चुकून अशा बाकावर पालथा पडला की ज्याची डोक्याकडची बाजू उंच करून ठेवलेली होती. पाठ मागे वळलेल्या त्या अवघड स्थितीत काही मिनिटे पडून राहिल्यावर पायाची कळ गेली असे त्याने सांगितले. त्या अपघातातून मॅकेन्झीने आपली पद्धत उभारली, आणि १९८० साली रोग्याने स्वतःच वापरावे असे छोटे पुस्तक लिहिले. पालथे पडून छाती वर उचलावी, हा त्यातील एक मुख्य व्यायाम. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी भुजंगासन केले असेल त्यांना हसू येईल. प्रत्येकाच्या पाठीला हाच व्यायाम मानवतो असे मात्र नाही. कोणाला कोणत्या दिशेने बरे वाटते हे पाहून ठरवणे, हेच त्या पद्धतीचे मर्म आहे.

हिंदुस्थानात व्यायामोपचाराचे रीतसर शिक्षण सुरू झाले ते १९५२ च्या सुमारास, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात, आणि निमित्त होते पोलिओचे. त्यासाठी मुंबई महानगरपालिका, हिंदुस्थान सरकार व जागतिक आरोग्य संघटना एकत्र आल्या. पुढे हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था निघाली. रत्नागिरीच्या गिरणी कामगाराला परळचे हे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्याच्या गावाकडच्या बायकोला ते समुद्रापलीकडे होते. शिकलेले व्यायामोपचारक दीर्घकाळ शहरांतच राहिले, यात त्यांचा दोष आम्ही काढीत नाही. अलीकडे डेरवणला मोठे रुग्णालय उभे राहिले आणि २०२३ साली रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु जुनाट कंबरेला आठवड्यातून दोनदा, दोन-तीन महिने, अशी सोबत लागते. मंडणगडच्या टोकाच्या वाडीतून किंवा राजापूरच्या सड्यावरून इतक्या फेऱ्या करणे म्हणजे एक दुखणे घालवण्यासाठी एस. टी.च्या धक्क्यांचे दुसरे विकत घेणे.

दुरून व्यायाम शिकवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग जपानात झाला, तिकडे थोडे वळू. तेथील टपाल खात्याच्या विमा विभागाने अमेरिकेतील एका विमा कंपनीची कल्पना उचलून १९२८ च्या नोव्हेंबरात आकाशवाणीवरून सकाळचा व्यायाम सुरू केला. पियानोच्या तालावर सांगितलेल्या या हालचाली घरोघरी, शाळांत, कारखान्यांत होऊ लागल्या. महायुद्धानंतर त्यास लष्करी वास येतो म्हणून तो काही काळ बंद पडला व १९५१ साली नव्या रूपात पुन्हा सुरू झाला. आजही चालू आहे. या प्रयोगातील आम्हांस सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे मुलांच्या गळ्यातील कार्ड. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले मैदानात जमतात आणि व्यायाम संपला की कोणी वडीलधारा प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का उमटवतो. आवाज दुरून येतो, पण शिक्का मारणारा हात जवळचा असतो. औंध व लोणावळ्याच्या पुस्तकांना हा हात नव्हता.

आता मोबाईलकडे येऊ. २०२० च्या मार्चमध्ये महामारीने दारे बंद केली, आणि त्याच महिन्यात दूरवैद्यकाचे नियम सरकारने प्रसिद्ध केले. ते नोंदणीकृत डॉक्टरांपुरते होते. एप्रिलात ‘ई-संजीवनी’ ही घरबसल्या डॉक्टरांचा सल्ला देणारी सरकारी सेवा लोकांसाठी खुली झाली. शहरांतले व्यायामोपचारकही आपल्या रोग्यांना व्हिडिओवरून पाहू लागले. पुढल्या वर्षी त्यांच्यासह इतर आरोग्यव्यावसायिकांसाठी स्वतंत्र कायदा झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीवर जे मार्गदर्शन दिले, त्यात दुखण्याची समज देणे आणि व्यायाम यांचा पुरस्कार आहे. कंबरेचे पट्टे, वजने टांगून ताण देणे आणि अफूच्या जातीची वेदनाशामके यांविरुद्ध सल्ला आहे. तालुक्याच्या बाजारपेठेत कंबरेचा पट्टा किती सहज विकला जातो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाक्याचे महत्त्व सांगावयास नको. २०२४ साली अमेरिकेतील क्लीव्हलँडच्या एका मोठ्या रुग्णालयाने आपल्या १४० कर्मचाऱ्यांवर बारा आठवडे व्हिडिओवरून योगवर्ग घेऊन पाहिला व कंबरेस उतार पडल्याचे आढळले. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात ७०१ माणसांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. उपचारकाच्या सल्ल्याने हळूहळू चालणे वाढवणाऱ्यांत दुखणे पुन्हा उलटण्यास मध्यमानाने २०८ दिवस लागले, नुसते राहिलेल्यांत ११२. लोणावळ्याचा योग क्लीव्हलँडला पोचून पडद्यावरून शिकवला जाऊ लागला, हे ऐकून कुवलयानंदांना कौतुक वाटले असते. आणि मग त्यांनी लगेच प्रयोगाची कोष्टके मागितली असती.

परंतु क्लीव्हलँडचा कर्मचारी आणि संगमेश्वरची शेतकरीण यांच्यात टपालाच्या काळाइतकेच अंतर आहे, आणि ते नुसत्या यंत्राने तुटणारे नाही. व्हिडिओ पाठवून दिला की काम झाले, असे मानणारे लोक आज पुष्कळ दिसतात. आमच्या मते ते पंतप्रतिनिधींच्या काळापेक्षा एक पाऊलही पुढे आलेले नाहीत. पुस्तकाची जागा चित्राने घेतली एवढेच. टेलिफोनची खरी शक्ती अशी की त्यातून विचारता येते. आणि विचारावयाचे म्हणजे भाषा आली. डॉक्टर एका शब्दात ‘दुखते का’ विचारतात. आमच्या बायका दुखण्याचे दहा प्रकार सांगतात. चमक निघते, कळ येते, ठणका लागतो, ओढ बसते, मुंग्या येतात, पाय बधिर होतो, कंबर धरते, कंबर भरून येते, कंबर मोडते. कंबर ‘भरून येणे’ हा बहुधा श्रमाचा थकवा. कळ पोटरीखाली उतरून पाऊल बधिर होणे ही मज्जातंतूची तक्रार. ‘धरणे’ म्हणजे सकाळचा आखडलेपणा. समोर बसून पाय उचलून पाहण्याची सोय नसता हे शब्दच उपचारकाचे हात होतात. संगमेश्वरी बोलीत किंवा कोकणी मुसलमानांच्या बोलीत हे ऐकून घेणारा माणूस हवा. पुण्यामुंबईच्या पुस्तकी मराठीत प्रश्न आला की बाई उत्तर देते, ‘बरं हाय’, आणि फोन ठेवते.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की तेथे फोनवर वेळ घालवू नये. लघवी अडणे किंवा कळत नकळत होणे, मांड्यांमधील भाग बधिर होणे, पायातले बळ झपाट्याने जाणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन उतरणे, पडल्यानंतर सुरू झालेली तीव्र वेदना. यांपैकी काही असल्यास गाडी करून रुग्णालयच गाठले पाहिजे. दूरच्या सेवेने हे प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावे, कारण तिची उपयुक्तता जितकी व्यायाम सांगण्यात आहे तितकीच कोणाला व्यायाम सांगू नये हे ओळखण्यात आहे.

जपानी कार्डावर शिक्का मारणाऱ्या हाताची जागा आमच्याकडे घेऊ शकेल अशी एक व्यक्ती प्रत्येक गावात आहे. २००५ च्या ग्रामीण आरोग्य योजनेतून आलेली आशा कार्यकर्ती, साधारण हजार वस्तीमागे एक, वाडीवाडीत फिरते आणि चुलीपर्यंत जाते. बाळंतिणी, लसी, क्षयाच्या गोळ्या यांचे ओझे तिच्यावर आधीच पुष्कळ आहे, आणि मोबदल्यासाठी तिला वेळोवेळी संप करावे लागले आहेत. तिच्या डोक्यावर आणखी एक वही ठेवताना तिचे मानधनही वाढवणे हे न्यायाचे होईल. तिने उपचारक व्हावयाचे नाही. आठवड्यातून एकदा ओटीवर बसून ‘किती दिवस केलेस?’ एवढे विचारावे, आणि फोन लागत नसेल तर सड्यावर जेथे लागतो तेथे बाईला घेऊन जावे. डोंगराच्या कुशीतल्या पुष्कळ वाड्यांत फोन लागण्याची जागा ठरलेली असते, आणि ती घरापासून बरीच वर असते. ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगातले चालणे त्यात आपोआप घडेल.

वेळेचाही विचार हवा. असा क्रम जुलैत सुरू करून उपयोग नाही. तेव्हा बाई शेतात असते आणि फोन मुंबईला गेलेल्या मुलाच्या किंवा दुकानावर बसलेल्या नवऱ्याच्या खिशात असतो. सुगी आटोपल्यावर, पौष-माघात, पाठीला उसंत असते. त्या वेळी पालथे पडून छाती उचलणे, उताणे पडून गुडघे पोटाशी घेणे, भिंतीला टेकून उठबस करणे, अशा चार हालचाली अर्ध्या शक्तीने सुरू कराव्या, आणि दर पंधरवड्यास थोड्या वाढवीत मृगापर्यंत न्याव्या. लावणीच्या दिवसांत नवे काही सांगू नये. दर घटकेस बांधावर उभे राहून दोन्ही हात कंबरेवर ठेवून पाच वेळा मागे वळावे, एवढेच पुरे. फोन करावयाचा तो रात्रीची भांडी झाल्यावर, मुले निजल्यानंतर. आणि ज्याच्या नावावर फोन आहे त्याला न विचारता जिची कंबर आहे तिलाच द्यावयास सांगावा.